रागूचा खड्डा

दिवाळीची सुटी संपायला आली तेव्हा गोपाल भुयारनं एका सकाळी आपल्या मुलीला उठवलं, समोर बसवलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "रागू, आजपासून तुले शाळा नाही. तुले जे आवडते ते तू कर. त्यातूनच शिकू आपण."

रागिणी चौथीत होती. तिनं बापाकडे नीट निरखून पाहिलं, "बरं" म्हणाली आणि जाऊन पुन्हा झोपली.

गोपालनं या क्षणाचं चित्र मनात फार दिवस रंगवलं होतं. त्यात पोरगी गळ्यात पडत होती, खिडकीतून कोवळं ऊन येत होतं, कुठंतरी लांब बासरीसुद्धा वाजत होती. प्रत्यक्षात ती घोरू लागली. गोपालनं तिचं पांघरूण सारखं केलं आणि स्वतःची समजूत घातली, की झोप हीदेखील एक नैसर्गिक आवडच आहे.

हे खूळ त्याच्या डोक्यात एका व्याख्यानातून शिरलं होतं. अमरावतीत पुण्याहून एक पाहुणे बोलायला आले होते. ते म्हणाले, मूल म्हणजे बी. बी पेरून रोज उकरून पाहिलं तर ते उगवत नाही. गोपाल मूळचा शेंदूरजनाघाटचा, संत्र्याच्या घरातला. संत्र्याचं झाड असं बी पेरून करत नाहीत, जंभेरी लिंबाच्या खुंटावर कलमाचा डोळा भरून करतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण सभागृहात टाळ्या वाजत होत्या, पंखा मंद फिरत होता, आणि गोपालच्या डोळ्यांसमोर त्याची रागू एका मोठ्या हिरव्या रानातून एकटीच चालत निघाली होती. गोपालचं हे असं होई. त्याच्या कचेरीत कालव्यांच्या फायली असत, आणि फाईल उघडली की त्याला कागद दिसायच्या आधी पाणी दिसे.

पाहुण्यांनी दोन गोष्टी निक्षून सांगितल्या होत्या. मुलावर कसलीही जबरदस्ती करायची नाही. आणि मूल काही करू लागलं तर 'हे का करतोस?' असं चुकूनही विचारायचं नाही. विचारलं की आवड मरते. गोपालनं ही दुसरी गोष्ट गुरुमंत्रासारखी धरली.

त्याची बायको साधना महानगरपालिकेच्या एका शाळेत शिकवायची. तिचं एक होतं. खुशीत असली की ती वऱ्हाडी बोले आणि रागावली की पुस्तकातलं मराठी. गोपालनं आपला बेत सांगितला तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "आपण घेतलेल्या या निर्णयाचा आपण सर्व बाजूंनी विचार केलेला आहे काय?"

गोपालला घाम फुटला. पण त्यानं नेटानं सगळं व्याख्यान म्हणून दाखवलं. शेवटी साधनानं येत्या जूनपर्यंतची मुदत दिली. "त्यानंतर मी सांगेन ते," एवढं बोलून तिनं भाकरी तव्यावर टाकली.

मग हिवाळाभर गोपाल आवडीची वाट पाहत बसला. त्यानं कुणाचा तरी तबला आणून बैठकीत ठेवला. भिंग आणलं, रंग आणले, जगाचा नकाशा लावला, आणि यातलं काही आपण मुद्दाम ठेवलेलं नाही असा चेहरा करून घरभर हिंडू लागला. रागिणीनं तबल्यावर डोकं टेकून झोपून पाहिलं. तो टणक निघाला. मग ती अंगणात उन्हात बसून संत्री खायची आणि साली कुंपणाच्या भिंतीवर ओळीनं मांडायची. गोपालनं त्या ओळीचे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढले. त्यात कला आहे की गणित, यावर त्यानं दोन रविवार विचार केला. तेवढ्यात शेजारच्या जमुनाकाकूंनी साली गोळा करून उटण्यासाठी वाळत घातल्या आणि तो प्रश्न तसाच राहिला.

जमुनाकाकू आणि त्यांचे यजमान जानराव ढोले भिंतीला भिंत लावून राहत. जानराव बँकेतून निवृत्त झालेले. बँकेत असताना त्यांना कुणी सल्ला विचारला नव्हता, तो सगळा साठा शिल्लक होता.

"गोपालभाऊ, पोट्टीले अबॅकसले टाका," ते भिंतीवरून म्हणत. "माह्या साडूचा पोट्टा बोटं हालवते अन् हिशोब सांगते."

"तिची आवड उमलली पाह्यजे, जानरावजी."

"उमलंल ना! पण कुठी तरी टाका आधी."

जमुनाकाकूंचं मत वेगळं होतं. "नजर लागली हाये बाप्पा लेकराले. एवढी झोप बरी नाही."

महाशिवरात्र झाली, ऊन तापू लागलं, आणि एका दुपारी रागिणी स्वयंपाकघरातलं उलथनं घेऊन घरामागच्या अंगणात गेली. संध्याकाळी गोपाल कचेरीतून आला तर ती मातीनं माखून दारात उभी. म्हणाली, "बाबा, आपल्याकडे सब्बल हाये का?"

महिन्यांमागून महिने गेल्यावर पोरीनं काही मागितलं होतं. गोपालच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याच्या ओठांवर 'काहून वं, कशासाठी?' असा प्रश्न आलासुद्धा होता. तो त्यानं आवंढ्यासोबत गिळला, आणि चहा न घेता सायकल काढून तिला पेलेल अशी छोटी सब्बल म्हणजे पहार, कुदळ आणि घमेलं घेऊन आला.

कॉलनी रहाटगावच्या बाजूला होती. घरं होण्याआधी तिथं कपाशीचं वावर होतं, त्यामुळे जमीन काळी, खोल आणि चिवट. ओली असली तर पायाला सोडत नाही आणि वाळली तर सब्बलीला दाद देत नाही. रागिणी संध्याकाळी एकाच बाजूला बादलीभर पाणी ओतून ठेवी, सकाळी उठून खणे, दुपारी त्याच खड्ड्यात झोपे. खड्डा गुडघ्याचा कमरेचा झाला, कमरेचा छातीचा झाला. बाजू ढासळू नयेत म्हणून गोपालनं तो चांगला रुंद आणि उतरता करायला लावला, तेवढाच काय तो त्याचा हस्तक्षेप. कचेरीतून आला की तो दोरीनं घमेली वर ओढी. सुरुवातीला त्याची पाठ धरली. पण मनाला कसलीच उसण नव्हती. फायलीवर पेन टेकवलं की त्याला कौंडिण्यपुराचं उत्खनन दिसे. डोक्यावर टोपी घातलेली डॉक्टर रागिणी भुयार ब्रशनं एका मडक्यावरची धूळ झटकत आहे. कधी ती मेळघाटच्या डोंगरातून बोगदा काढत असे, आणि पलीकडून उजेड येताच धारणीचे लोक ढोल वाजवत असत.

"भुयार, सही राहिली," साहेब म्हणत. गोपाल सही करी. डोंगर मिटून जाई.

शेजाऱ्यांना मात्र स्वप्नांवर भागवता येत नव्हतं. त्यांना कारण हवं होतं. जानरावांच्या मते ती संडासाची टाकी होती आणि तिचा वास त्यांच्याच बैठकीत येणार होता. समोरच्या घरी ती विहीर ठरली. जमुनाकाकूंनी मात्र मुळावरच हात घातला. एकदा दही मागायला आल्या असताना त्यांनी सहज विचारलं, "साधना, रागू पायाळू तर नाही वं?"

साधनाच्या एका हातात उत्तरपत्रिका आणि दुसऱ्या हातात पळी होती. ती म्हणाली, "हो ना काकू, पायांनीच झाली ती. लय त्रास झाला तवा."

पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, हे सगळ्या वऱ्हाडाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी खड्ड्याच्या काठावर लिंबू, कुंकू आणि एक नारळ होता. रागिणीनं नारळ फोडून खाल्ला, लिंबाचं सरबत केलं. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतली एक बाई आली आणि खड्ड्यात डोकावून हात जोडून म्हणाली, "माय, माही गळ्यातली पोत हरपली, कुठी हाये सांग."

"पलंगाखाली पाह्यली का?" खालून रागिणीनं विचारलं.

पोत पलंगाखालीच निघाली. त्यानंतर गोपालच्या घरी माणसांची रीघ लागली. गोपाल एकेकाला खुर्ची देऊन समजावू लागला, की ही गुप्तधनाची गोष्ट नाही, ही शिक्षणाची एक पद्धत आहे. लोक डोळे मिचकावून म्हणत, "हाव ना भाऊ, आमी कोणाले सांगत नाही."

कुणीतरी सांगितलंच. एका सकाळी महानगरपालिकेतून एक साहेब आले. कपाळावरचा घाम पुसत त्यांनी कागद काढला.

"नाव?"

"भुयार."

"मी नाव विचारून राह्यलो, काम नाही."

"नावच भुयार हाये साहेब. शेंदूरजनाघाटचे भुयार आमी."

साहेबांनी खड्ड्याकडे पाहिलं, मग गोपालकडे पाहिलं. असल्या आडनावांवर सरकारनं लक्ष ठेवायला हवं होतं, असं त्यांना वाटलेलं दिसलं.

"कशाचा खड्डा हाये? विहीर, बोअर, टाकी, पाया का शोषखड्डा?"

"नुसता हाये."

"नुसता खड्डा आमच्याकडे नाही. कारण सांगा."

"कारण असंल ना. पण मले माहीत नाही."

"मंग कोणाले माहीत हाये?"

"माह्या पोरीले."

"तिले विचारा."

"विचारता येत नाही साहेब," गोपाल कळवळून म्हणाला. "विचारलं तर आवड मरते."

साहेब खुर्चीवर बसले. गोपालनं माठातलं पाणी दिलं. पाणी पिऊन ते खड्ड्याच्या काठाशी गेले आणि वाकून पाहू लागले. त्यांच्या आयुष्यात त्यांनी पुष्कळ बेकायदा खड्डे पाहिले असतील, पण त्यातून असा आवाज कधी आला नसेल: "काका, थोडं बाजूले व्हा ना. उजेड अडून राह्यला."

साहेब मुकाट्यानं बाजूला झाले.  मग "शोषखड्डा लिहितो," म्हणाले, आणि जाताना चप्पल हातात घेऊन अंगणाबाहेर गेले. देवळातून बाहेर पडतात तसे. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शोषखड्डा ही चांगली गोष्ट निघाली. पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारा जागरूक नागरिक म्हणून गोपालचं नाव कॉलनीत झालं, आणि दोन महिला मंडळं खड्डा पाहून गेली. गोपालनं त्यांना भूजलावर भाषण दिलं. ते इतकं रंगलं, की शेवटी शेवटी त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं.

सुखाच्या या शिखरावर असतानाच शाळाबाह्य मुलांची पाहणी आली. शिक्षकांनी घरोघर जाऊन विचारायचं, की शाळेत न जाणारं मूल घरी आहे काय. साधनाच्या वाट्याला नेमकी तिचीच कॉलनी आली. सोबत करिश्मा मॅडम नावाची नवी, उत्साही शिक्षिका होती. साधना सगळ्या गल्ल्या फिरली, स्वतःच्या घरासमोरून मात्र मोबाईलवर बोलत असल्यासारखी पुढं निघाली.

"मॅडम, हे घर राहिलं," करिश्मा म्हणाली.

"ते माझंच आहे."

"मग तर पटकन होईल!"

घरामागं गोपाल दोरी धरून उभा होता. साधनानं कागद सरळ केला. तिचा आवाज अगदी कोरडा होता. "आपल्या घरी सहा ते चौदा वयोगटातील मूल आहे काय?"

"साधना, तुले तर माहीत..."

"विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे."

"आहे," गोपाल म्हणाला.

"ते शाळेत जाते काय?"

गोपालला इथं काहीतरी सुंदर बोलावंसं वाटलं. "जगाच्या शाळेत जाते," तो म्हणाला.

"कारण काय टाकू, मॅडम?" करिश्मानं विचारलं. "स्थलांतर आहे, घरकाम आहे, भावंडं सांभाळणं आहे, बालमजुरी..."

तेवढ्यात शिडीवरून नखशिखांत काळी झालेली रागिणी वर आली. तिच्या डोक्यावर घमेलं होतं. "बाबा, हातानं आणलं एक. दोरी सोडा ना लवकर, बाकीचे खालीच हायेत."

करिश्माचं पेन जागच्या जागी थांबलं. तिनं रागिणीकडे पाहिलं, गोपालच्या हातातल्या दोरीकडे पाहिलं, मग साधनाकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. काय लिहिलं ते तिनं दाखवलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर साधना पुस्तकातलं बोलेल, याची गोपालनं तयारी ठेवली होती. ती वऱ्हाडीतच बोलली. "मले रोज झोपड्या-झोपड्यांतून फिरा लागते. बायांले सांगा लागते, पोरीले माती वाहाले लावू नका, शाळेत धाडा. आज करिश्मा मॅडमनं खाली पाह्यलं ना, तवा मले वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. अन् जमीन तर तुमी अंगणातच उघडून ठेवली."

ती आत गेली आणि तिनं अकोल्याला फोन लावला. गोपालला शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं. "दादा, तुमी याच."

दादा म्हणजे तिचे वडील भगवंतराव. अकोल्याचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आज स्वतः आजोबा झाली आहेत, पण बाजारात भगवंतराव दिसले की अजूनही भाजीची पिशवी मागं लपवतात. गोपालचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी त्याला सतराचा पाढा म्हणायला लावला होता. सतरा सत्ते त्याचं चुकलं होतं, आणि ते दोघांपैकी कुणीच विसरलं नव्हतं.

एप्रिल संपता संपता, ऐन दुपारी, ते बडनेऱ्याला उतरून ऑटोनं आले. डोक्याला दुपट्टा बांधलेला, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. साधना निकालाच्या कामाला शाळेत गेली होती. गोपालनं त्यांच्यासाठी अर्धी सुटी टाकली होती. ते पाणीसुद्धा न घेता थेट मागच्या अंगणात गेले आणि काठावर उभे राहिले. खड्डा तोवर उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर गेला होता.

"रागिणी! वर ये."

"आबाजी, तुमीच या ना खाली," आतून आवाज आला. "मले आता सोडता येत नाही."

मुख्याध्यापकांना आजवर कुणी बोलावून घेतलं नव्हतं. गोपालनं डोळे मिटले. पण शिडी करकरली, आणि डोळे उघडले तेव्हा दुपट्टा खाली जात होता. ती शिडी जानरावांची, मागून आणलेली.

गोपाल गर्जनेची वाट पाहत राहिला. गर्जना झाली नाही. चिमणीनं पंख झटकले तेही ऐकू यावं अशी शांतता झाली. म्हातारा माणूस, एवढं ऊन.  गोपालनं घाईनं वाकून पाहिलं. भगवंतराव पालथ्या घमेल्यावर बसले होते. दुपट्टा मांडीवर, पाठ मातीला टेकलेली, डोळे मिटलेले.

"मामाजी?"

"अं," भगवंतराव न हलता म्हणाले. "गार हाये."

गोपालही उतरला. आणि तिघं तसेच गप्प असताना वर जानराव आले. त्यांना गच्चीवरच्या टाकीत पाहायचं होतं. खड्ड्यातून आवाज नाही म्हणजे आत कुणी नाही, असा बँकेतल्या माणसाचा सरळ हिशोब करून त्यांनी शिडी वर ओढली आणि घेऊन गेले. गोपाल ओरडला. पण जानरावांचा पत्र्याचा कूलर सुरू होता, आणि तो सुरू असला की त्यांना टीव्हीसुद्धा फक्त दिसे.

"राहू द्या, जवाईबापू," भगवंतराव म्हणाले. "घाई काय हाये?"

मग ती दुपार तिथंच थांबून राहिली. वर चांदीसारखं तापलेलं आभाळ होतं, पण त्याचा एक गोल तुकडाच त्यांच्या वाट्याला आला होता, आणि त्या गोलातून एक घार पंख न हलवता जात होती, येत होती. मातीला ओलसर, जुना वास होता. कॉलनीचे, रस्त्याचे, भाजीवाल्याच्या भोंग्याचे आवाज फार वरून, जणू दुसऱ्या गावावरून येत होते. गोपालला वाटलं, आपण एखाद्या मोठ्या, निजलेल्या जनावराच्या कुशीत बसलो आहोत आणि ते श्वास घेतं आहे. रागिणी गुडघ्यांवर बसून चमच्यानं तळाशी काहीतरी कोरत होती.

"काहून खंदून राह्यली वं तू?" भगवंतरावांनी विचारलं.

"मामाजी, नका!" गोपाल जवळजवळ किंचाळला. "असं विचारायचं नसते..."

पण प्रश्न जाऊन पोचला होता, आणि रागिणीची आवड काही मरून पडली नाही. ती मागं वळून साधेपणानं म्हणाली, "भेग पाहाची होती, आबाजी."

"कोणती भेग?"

"वर होती एक, भिंतीपाशी. मी तिच्यात खडा टाकला. पडल्याचा आवाजच नाही आला. मंग लय खडे टाकले, एकाचाही नाही आला. म्हटलं, कुठी जाते हे? पाहू तर." तिनं बोट मातीच्या भिंतीवरून वरून खाली ओढत आणलं. खरंच, वर हात जाईल एवढी रुंद असलेली ती भेग बारीक होत होत खाली उतरली होती, मध्येच वळली होती, पुन्हा सापडली होती. "खडे वाटेतच सापडले. अडकून बसले होते. पण भेग पुढंच जाते. आता पाहा, केसाएवढी राह्यली. हात हलला तर हरपते. म्हून तर वर येत नव्हती मी."

गोपालच्या डोक्यातलं कौंडिण्यपूर, मेळघाटचा बोगदा, दोन महिला मंडळांचं भूजल, सगळं एका वाक्यासरशी खाली बसलं. आणि ते वाक्य तर पोरगी पहिल्याच दिवशी सांगायला तयार होती! कुणी विचारायचाच काय तो अवकाश होता. त्याला फार वाईट वाटलं. सासऱ्यासमोर सतरा सत्ते चुकलं तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं.

भगवंतराव चष्मा पुसत होते. "'काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा का पडतात?'" ते स्वतःशीच म्हणाले. "दोन मार्कांचा प्रश्न. सगळी नोकरी विचारला मी. कुठपर्यंत जातात, हे कोण्या पोट्ट्यानं विचारलं नाही." जरा थांबून ते म्हणाले, "विचारलं असतं तर मी त्याले बाकावर उभा केला असता."

मग ते गुडघ्यांवर आले. एवढ्या वयाचा माणूस, पांढरं धोतर, पण ते रागिणीशेजारी वाकले आणि मोबाईलचा उजेड धरला. गोपालनंही दुसऱ्या बाजूनं डोकं घातलं. चमचा हळूहळू चालला. काळी माती संपून खाली पिवळसर मुरूम लागला होता. त्यात ती रेघ थोडी शिरली, अगदी थोडी, आणि मग नव्हती.

"संपली," रागिणी म्हणाली.

 भगवंतरावांनी रागिणीच्या डोक्यावरची माती झटकली, हात तिथंच ठेवला.

साधना घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. घर सताड उघडं आणि आत कुणी नाही. तेवढ्यात जमिनीतून पाढ्यांचा आवाज आला. तिनं मागं धाव घेतली. खाली तिचे वडील, तिचा नवरा आणि तिची मुलगी भिंतीला पाठ टेकून बसले होते, आणि भगवंतराव डोळे मिटून पावकी म्हणत होते.

"दादा!" साधना काठावरून म्हणाली. "तुमी भी?"

"साधने, शिडी दे," भगवंतराव म्हणाले. "नाही तर तूच ये."

जानराव शिडी घेऊन धावत आले आणि एकसारखं "मले का माहीत बाप्पा, मले का माहीत" म्हणू लागले. शिडी लागली तरी वर यायची कुणाला घाई नव्हती. साधना काठावर मातीच्या ढिगावर बसली. तिनं आपल्या बापाच्या तोंडून भेगेची हकीकत ऐकली. एकदा ऐकली, मग पुन्हा ऐकली. मग तिनं रागिणीला विचारलं. पुस्तकातलं मराठी नव्हतं, आणि हातात कागदही नव्हता. "रागू, तुले शाळेत जावंसं वाटते का वं?"

 एवढ्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. शाळेत घालताना विचारलं नव्हतं आणि काढतानाही नव्हतं.

"जाईन ना," रागिणी म्हणाली. "पाऊस लागला का भेगा बुजतातच. मंग घरी राहून काय करू? पण बाबा, उन्हाळ्यात नाही हं."

"उन्हाळ्यात सुटीच असते," साधना म्हणाली, आणि हसायला लागली. खूप दिवसांनी हसली ती. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले.

गोपाल मात्र फुरंगटला. एवढं मोठं तत्त्वज्ञान, एवढी घमेली, आणि पोरीनं सगळं प्रकरण पावसाळा-उन्हाळा असं मिटवून टाकलं. जानरावांनी वरून सांत्वन केलं, "गोपालभाऊ, अबॅकसले टाकली असती ना, तर एवढं खंदा लागलं नसतं."

दुसऱ्या दिवशी भगवंतराव निघाले ते रागिणीला घेऊनच. पूर्णाकाठच्या वावरात म्हणे बैलाचा पाय जाईल एवढ्या भेगा असतात, आणि त्या पाहायला आजोबांनाच जास्त घाई झाली होती. ऑटोत बसताना त्यांच्या हातात छत्री होती आणि काखेत छोटी सब्बल.

मागं उरला खड्डा. पावसाच्या आत तो बुजवायचा, असं साधनानं ठरवलं. जमुनाकाकूंनी आपल्या कुंड्यांसाठी आणि कॉलनीनं आपल्या बागांसाठी निम्मी माती नेली होती, पण होती तेवढी तर टाकू, म्हणून गोपाल रविवारी दुपारी कामाला उतरला. खड्ड्याचा तळ सारखा करत होता, तर शिडी करकरली. साधना हातात दोन कप धरून उतरत होती.

"बुजवाच्या आधी मले एकदा पाहू तर द्या," ती म्हणाली. "माह्या पोरीनं पाह्यलं ते."

गोपालनं भेग दाखवली. वरून सुरू झाली ती कुठं वळली, कुठं हरवली, कुठं सापडली. साधनानं तिच्यावरून बोट फिरवलं, शेवटपर्यंत नेलं. मग मातीला पाठ टेकून बसली, वर त्या गोल आभाळाकडे पाहत. पाहणी, निकाल, चाळीस पोरं, झोपड्या, सगळं तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरताना गोपालला दिसलं. "किती गार हाये वो," ती म्हणाली. चहाचा एक घोट घेतला, आणि दुसरा घ्यायच्या आत तिला झोप लागली.

जानराव काठावरून डोकावले. "काय गोपालभाऊ, बुजवून राह्यले ना?"

गोपालच्या हातात मातीचं भरलेलं घमेलं होतं. आवाज होऊ नये म्हणून त्यानं ते अगदी हळू खाली टेकवलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि वर पाहून नुसत्या खुणेनं सांगितलं, उद्या.